वारा कुणाचा, सवलत कुणाची?

दोंडाईच्याहून साक्री तालुक्यातील पठाराकडे निघाले की ब्राह्मणवेलच्या आसपास क्षितिजावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसू लागतात. काही वर्षांपूर्वी पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेलो होतो. एका विद्यार्थ्याने तेथील पहारेकऱ्याला सहज विचारले, ‘हे पंखे कुणाचे?’ पहारेकऱ्याला यंत्राचा क्रमांक ठाऊक होता, मालकाचे नाव नव्हते. ‘कुण्या कंपनीचे आहेत, मुंबईकडच्या,’ एवढेच तो सांगू शकला. विद्यार्थी हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ज्या वाऱ्याने आमच्या गावांच्या छपरांचे पत्रे पिढ्यान् पिढ्या उडवले, त्या वाऱ्यावर आज कोणी वीज निर्माण करीत आहे, आणि त्यासाठी सरकारच्या तिजोरीतून त्याला सवलतही मिळाली आहे. ती कशी मिळाली, कोणी मागितली आणि मागताना कोण हजर होते, याचा शोध घेतल्यास आपल्या देशात धोरण कसे घडते याचा एक बोलका नमुना हाती लागतो.

सवलतीचे मूळ वाऱ्यात नसून प्राप्तिकराच्या कायद्यात आहे. यंत्रसामग्रीची झीज म्हणून दरवर्षी उत्पन्नातून काही रक्कम वजा करू दिली जाते. साधारण यंत्राला हा दर १५ टक्के. पवनचक्कीला मात्र अनेक वर्षे तो ८० टक्के होता. समजा, सिमेंटच्या किंवा कापडाच्या धंद्यात भरघोस नफा झालेल्या एखाद्या कंपनीने पाच कोटी रुपयांची पवनचक्की उभारली. पहिल्याच वर्षी तिला चार कोटी रुपये उत्पन्नातून वजा करता येत, म्हणजे ३० टक्के कर धरल्यास एक कोटी वीस लाखांचा कर त्या वर्षापुरता वाचे. नेहमीच्या दराने हीच बचत साडेबावीस लाखांची झाली असती. काटेकोरपणे पाहता हा कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. परंतु आज हाती राहिलेला रुपया आणि दहा वर्षांनी द्यावयाचा रुपया यांतील अंतर व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. साक्रीच्या पठारावरील यंत्राचा मालक मुंबईकडचा कसा, याचे उत्तर बहुतांशी येथे आहे. वारा आमचा असला, तरी वजावट करण्याजोगा नफा आमच्याकडे नव्हता.

या सवलतीत एक उघड दोष होता. ती यंत्र उभारल्याबद्दल मिळत असे, वीज निर्माण केल्याबद्दल नव्हे. पंखा फिरो न फिरो, वजावट ठरलेली. हा दोष ओळखूनच डिसेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेवर युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन देण्याची दुसरी योजना आणली. मार्च २०१२ अखेर मात्र वाढीव घसारा आणि हे प्रोत्साहन अशा दोन्ही सवलती संपुष्टात आल्या. परिणाम तात्काळ दिसला. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॉट क्षमतेच्या नव्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. पुढच्या वर्षी हा आकडा सुमारे १,७०० वर घसरला.

येथून पुढचा इतिहास आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पवनचक्क्या बनविणाऱ्या कंपन्यांची एक अखिल भारतीय संघटना आहे, पवनवीज विकणाऱ्या स्वतंत्र उत्पादकांची दुसरी आहे, आणि पवनचक्क्यांच्या मालकांची तिसरी, चेन्नईत १९९० नंतरच्या दशकात स्थापन झालेली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनसारखी जगभर व्यवहार करणारी कंपनी यांतील पहिल्या संघटनेत अग्रभागी होती. तिचे संस्थापक तुलसी तांती यांनी त्या संघटनेचे नेतृत्वही केले. या संघटनांचे आपसात एकमत होते असे मुळीच नाही. मोठ्या वीज उत्पादकांना युनिटमागे मिळणारे प्रोत्साहन हवे होते. यंत्रनिर्मात्यांना करबचतीसाठी पवनचक्की घेणारा मध्यम गिऱ्हाईक हवा होता, म्हणून त्यांना घसारा प्यारा. तरीही दिल्लीत दोन्ही मागण्या एकाच घसरत्या आकड्याच्या आधारे मांडल्या गेल्या आणि दोन्ही मान्य झाल्या. २०१३ च्या अर्थसंकल्पात युनिटमागील प्रोत्साहन परत आले व त्यासाठी ८०० कोटी रुपयांची तरतूद झाली. जुलै २०१४ मध्ये ८० टक्के घसाराही परत आला. तो पुढे एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांवर उतरविण्यात आला.

घसरता आकडा हा या निवेदनांतील हुकमी पुरावा होता. तथापि त्याच आकड्याचा दुसराही अर्थ निघतो. सवलत काढताच गुंतवणूक निम्म्यावर आली, याचा अर्थ एवढाच की गुंतवणूकदारांपैकी पुष्कळजण वाऱ्यासाठी आलेच नव्हते. हा अर्थ सरकारपुढे मांडणारी तेवढीच बळकट संघटना तेव्हा कोणती होती? माझ्या स्मरणात एकही येत नाही.

कोणी असे समजू नये की संघटित होऊन सरकारकडे मागणे मांडण्यात काही पाप आहे. आम्हा प्राध्यापकांनाही संघटनेची ताकद चांगलीच ठाऊक आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर घातलेला बहिष्कार तीन महिन्यांहून अधिक काळ चालला आणि प्रस्तुत लेखकही त्यात सामील होता. तेव्हा आपण संघटित झालो तर हक्क आणि उद्योजक संघटित झाले तर कारस्थान, असा दुटप्पीपणा मला शोभणार नाही. शिवाय कोळसा, डिझेल आणि रासायनिक खते यांचे हितसंबंध पवनचक्क्यांहून कितीतरी जुने व घट्ट आहेत. त्यांच्यापुढे नव्या उद्योगांनी एकजूट केली नसती, तर सरकारी दप्तरात त्यांची फाईल वर आलीच नसती. प्रश्न एकजूट करणाऱ्यांचा नाही. ज्यांची एकजूट होत नाही त्यांचा आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये सामूहिक कृतीविषयीच्या आपल्या ग्रंथात याचे कारण स्पष्ट केले आहे. ज्या गटात माणसे थोडी आणि प्रत्येकाचा लाभ मोठा, तो गट चटकन संघटित होतो. ज्यात माणसे असंख्य आणि प्रत्येकाचे नुकसान चिमूटभर, तो होत नाही. पवनचक्की बनविणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या. महावितरणचे ग्राहक अडीच कोटींहून अधिक. युनिटमागे काही पैसे जास्त गेले म्हणून शिंदखेड्याचा पिठाची गिरणीवाला दिल्लीला निवेदन घेऊन जाणार नाही. जाण्याचे भाडेच नुकसानीहून अधिक. इतिहासात याचा सर्वांत कडू अनुभव आपल्याच कापडधंद्याने घेतला आहे. मुंबईच्या गिरणीमालकांनी १८७५ मध्ये आपली संघटना उभारली, परंतु लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची एकजूट तिच्याहून बलवान ठरली आणि १८९६ मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. तो जायला १९२५ साल उजाडावे लागले. मुंबईच्या मालकांना निदान बोलण्यासाठी एक संघटना होती. खानदेशात कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला या वादात कोणी बोलावलेही नव्हते.

आता दुसरी बाजूही पाहू. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगापुढे दर ठरतात तेव्हा जाहीर सुनावणी होते. २४ नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने आयोगाने राज्यातील नव्या पवनवीज प्रकल्पांसाठी पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये व पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ, असा तेरा वर्षांचा दर बांधून दिला. तेराव्या वर्षी तो पाच रुपये तीस पैशांवर जातो. हा दर उदार होता की नाही, यावर वाद घालता येईल. २०१७ च्या फेब्रुवारीत देशातील पहिल्याच लिलावात पवनविजेचा भाव ३ रुपये ४६ पैशांवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात २ रुपये ६४ पैशांवर उतरला, हे खरे. अर्थात त्या लिलावातील यंत्रे अधिक उंच व मोठी होती आणि जागाही अधिक वाऱ्याच्या होत्या, त्यामुळे सरळ तुलना अन्यायाची होईल. महत्त्वाचे वेगळेच आहे. २००३ चा दर ज्या प्रक्रियेतून आला तिचे कागद उपलब्ध आहेत. कोणी काय मागितले, कोणी काय हरकत घेतली, आयोगाने काय मानले व काय फेटाळले, हे वाचता येते. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थेने ग्राहकांच्या वतीने आयोगापुढे आकडे मांडण्याची जी परंपरा निर्माण केली, ती याच खुल्या दारामुळे शक्य झाली. घसाऱ्याच्या बाबतीत असे दार नव्हते. अर्थसंकल्पापूर्वी अर्थमंत्री उद्योगांच्या संघटनांना भेटतात, त्यांची निवेदने घेतात, आणि मग एके दिवशी दर जाहीर होतो. मधल्या अंधारात काय घडले, हे नागरिकाला कळत नाही.

उद्योगांची एकजूट अभंग असते, हाही एक भ्रम आहे. सौरऊर्जेत ती उघडपणे फुटली. देशी सौरघट बनविणाऱ्यांच्या संघटनेने २०१७ मध्ये आयात मालावर संरक्षक शुल्क लावण्याची मागणी केली. सौर प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्यांनी तिला कडाडून विरोध केला, कारण त्यांना स्वस्त चिनी तबकड्या हव्या होत्या. जुलै २०१८ मध्ये २५ टक्के शुल्क लागले. पुढे एप्रिल २०२२ पासून तयार तबकड्यांवर ४० टक्के व घटांवर २५ टक्के सीमाशुल्क आले. एक जिंकला, दुसरा हरला. पण दोघांच्याही तोंडी देशहित आणि पर्यावरण हेच शब्द होते. अशा वेळी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ब्रूस यँडल यांचा १९८३ चा निबंध आठवतो. रविवारी दारूविक्री बंद असावी, असे धर्मोपदेशकाला वाटते. तसेच ते चोरटी दारू विकणाऱ्यालाही वाटते. दोघांचे कारण निराळे, मागणी एकच. राजकारणी माणूस भाषण उपदेशकाचे ऐकवतो. पर्यावरणाच्या धोरणात ही जोडी हरघडी आढळते, आणि उपदेशक प्रामाणिक असतो म्हणूनच ती ओळखणे अवघड जाते.

खानदेशच्या वाचकाला हे सर्व अधिक जवळून पाहायचे असेल तर ठिबक सिंचनाकडे पाहावे. जळगावच्या भवरलाल जैन यांनी उभारलेल्या जैन इरिगेशनने केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्या पोहोचवल्या आणि पाण्याचे मोल शेतकऱ्याला शिकवले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. ठिबकला अनुदान देण्याची सुरुवात महाराष्ट्राने १९८६-८७ च्या सुमारास, देशात अगदी आघाडीने केली. २००४ मध्ये चंद्राबाबू नायडू यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाचा अहवाल आला आणि २००५-०६ पासून केंद्राची सूक्ष्म सिंचन योजना सुरू झाली. ठिबक उद्योगाची अखिल भारतीय संघटना करकपातीसाठी सातत्याने आग्रह धरीत आली. वस्तू व सेवा कर प्रथम १८ टक्के होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १२ टक्के आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्के झाला. या कपातीचा लाभ शेतकऱ्यालाही आहे, हे नि:संशय. जुलै २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तर कालव्याच्या लाभक्षेत्रातील उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. त्याचा प्रत्यक्ष अंमल तोकडाच राहिला, पण निर्णयाचे स्वरूप लक्षात घ्यावे: सरकारने एका हुकमाने एका मालाला लाखो हेक्टरांची बाजारपेठ मिळवून देण्याचे ठरवले. पाण्याच्या दृष्टीने ते योग्यही असेल. मात्र जेव्हा गिऱ्हाईक सक्तीने आणले जाते, तेव्हा मालाचा भाव कोण तपासतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही विचारील.

माझ्या थोरल्या भावाने मिरचीला ठिबक घेण्याचे ठरवले तेव्हा मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो होतो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, ‘अनुदानाची फाईल करायची, का रोखीने न्यायचे?’ दोन्हींचे भाव वेगळे होते, आणि फाईलचा भाव वरचढ होता. मालात काही फरक आहे का, असे मी विचारले. ‘फरक कागदांचा आहे, गुरुजी,’ तो शांतपणे म्हणाला. अनुदान हेक्टरी ठरवून दिलेल्या मापदंडावर मिळते. त्या मापदंडाभोवती भाव कसा गोळा होतो, हे मी वर्गात फळ्यावर वर्षानुवर्षे रेखाटत होतो. त्या दिवशी ते दुकानाच्या काउंटरवर पाहिले. भावाने फाईल केली. आजच्या पद्धतीनुसार शेतकऱ्याने आधी पूर्ण रक्कम भरावी आणि अनुदान नंतर त्याच्या बँक खात्यात यावे, अशी रीत आहे. लहान व सीमांत शेतकऱ्याला राज्याची भर धरून ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान कागदावर आहे. कागदावरचा हा आकडा खात्यात उतरेपर्यंत भावाने दोन हंगाम सावकारी व्याज भरले. त्या व्याजाचा विचार कोणत्याही संघटनेच्या निवेदनात मला आढळला नाही. ते स्वाभाविकच आहे. व्याज भावाचे होते, संघटना नळी विकणाऱ्यांची होती.

वाचक विचारतील, शेतकरी संघटित झाले नाहीत काय? झाले. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८० मध्ये कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यातील रस्ते शेतकऱ्यांनी अडवले, तेव्हा सारे राज्य थबकले होते. भावाचा प्रश्न सर्वांना एकाच दिवशी जाणवतो. यंत्राचा मापदंड, घसाऱ्याचा दर, जमिनीच्या मूल्यांकनाची रीत हे प्रश्न एकेकट्याला, निरनिराळ्या दिवशी आणि निरनिराळ्या कचेरीत जाणवतात. साक्री तालुक्यात वनजमिनीवरील पवनचक्क्यांविरुद्ध आदिवासी कसणारे उभे राहिले, ते जमीन हातून जाताना. सवलतीचे धोरण ठरत होते तेव्हा त्यांना त्याची वार्ताही नव्हती.

आणि दोंडाईचाच्या माणसाला या विषयावर लिहिताना विखरण टाळून पुढे जाता येत नाही. विखरण-मेथी परिसरात औष्णिक वीज प्रकल्पासाठी जमीन संपादन झाले. पुढे त्या जागी सौरऊर्जा प्रकल्पाची योजना आली. विखरणच्या एका ८४ वर्षांच्या शेतकऱ्याच्या पाच एकरांना सुमारे चार लाख रुपये मोबदला ठरला. शेजारच्यांना अधिक आणि मला इतका कमी का, एवढाच त्याचा प्रश्न होता. तो विचारत तो कचेऱ्यांतून फिरला, अखेर जानेवारी २०१८ मध्ये त्याने मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीस प्राण सोडला. त्याचे नाव खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. येथे ते पुन्हा लिहिण्याची गरज नाही. फेरमूल्यांकनात मोबदल्याची रक्कम कितीतरी पटींनी वाढली. म्हणजे हिशेब चुकीचा होता हे सरकारनेच मान्य केले, पण मान्य करवून घेण्याची किंमत काय पडली! कोळशाच्या जागी सूर्य आला, इंधन बदलले, धोरण ‘हरित’ झाले. जमीन देणाऱ्याची जागा मात्र टेबलाच्या त्याच बाजूला, उभ्यानेच राहिली. याच्या तुलनेत सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने घेऊन हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ देण्याची जी तरतूद केली गेली, ती कितीतरी शहाणपणाची आहे. मालकी शेतकऱ्याकडे राहते. तो भाव हप्त्याहप्त्याने पाहू शकतो.

म्हणून उद्योगांच्या संघटनांवर बंदी घाला असे म्हणणे व्यर्थ, आणि त्यांच्या चांगुलपणावर सोडून द्या असे म्हणणे भाबडेपणाचे. अमेरिकेत १९९५ पासून, सरकारवर प्रभाव पाडण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना नोंदणी करून खर्च जाहीर करण्याचा कायदा आहे. युरोपीय संघाची नोंदवही २०११ पासून चालू आहे. या उपायांनी तेथील प्रभाव संपला, असा दावा कोणी करीत नाही. परंतु कोण कुणाला भेटले, हे तेथील वार्ताहराला शोधता येते. आपल्याकडे असा कायदाच नाही. मात्र २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम आहे, ज्यात महत्त्वाची धोरणे ठरवताना संबंधित वस्तुस्थिती सरकारने आपण होऊन प्रसिद्ध करावी असे म्हटले आहे. त्याच्याच आधारे, अपारंपरिक ऊर्जा, ठिबक व सौरपंप यांबाबतचे कोणतेही धोरण जाहीर करताना त्यापूर्वी आलेली सर्व निवेदने, पाठविणाऱ्याच्या नावासह आणि मराठीतील गोषवाऱ्यासह, खात्याने प्रसिद्ध करावीत. यासाठी नवा कायदा नको, एक शासन निर्णय पुरे. प्रत्येक सवलतीला आरंभीच समाप्तीची तारीख असावी, २००३ च्या दरासारखी. मुदतवाढ हवी असेल तर ती मागणाऱ्याने किती वीज निर्माण झाली, किती पाणी वाचले, याचा हिशेब मांडून ती मागावी.

दुसरी सूचना अधिक निकडीची आहे. वीज कायदा २००३ च्या ९४ व्या कलमानुसार आयोग ग्राहकांच्या वतीने बोलण्यासाठी प्रतिनिधी नेमू शकतो. तशीच तरतूद जमीन देणारे शेतकरी आणि ठिबक वापरणारे शेतकरी यांच्यासाठी व्हावी, आणि त्या प्रतिनिधींना आकडेमोडीचा खर्च सरकारने द्यावा. संघटनांपाशी सनदी लेखापाल असतात. भावापाशी मी होतो, आणि मलाही मापदंडाचा तक्ता मिळवायला तीन चकरा झाल्या. सुनावणीची नोटीस मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात न देता धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या मराठी पत्रांत द्यावी. आणि साक्रीच्या वाऱ्याची किंवा विखरणच्या जमिनीची सुनावणी असेल, तर ती धुळ्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत, पेरणी आणि कापूसवेचणीचे दिवस टाळून घ्यावी.